गाणे आपले, तबकडी कुणाची?

मराठी घरात गाण्याची वाण कधीच नव्हती. जात्यावर ओवी होती, देवळात भजन होते, गणपतीत मेळे होते, पाळण्याशी अंगाई होती. पण यांतले काहीच विकत मिळत नव्हते. दुकानात जाऊन, पैसे मोजून, पिशवीत घालून घरी आणावी अशी वस्तू गाणे झाले ते गेल्या सव्वाशे वर्षांत. या व्यवहाराच्या एका टोकाला आपण श्रोते असतो आणि दुसऱ्या टोकाला काय चालते याची आपल्याला सहसा कल्पना नसते.

मी त्या दुसऱ्या टोकाला तीस-पस्तीस वर्षे बसलो. दिवसा बँकेची नोकरी आणि संध्याकाळी पेटीची साथ. कितीतरी गायक-गायिकांच्या ध्वनिफितींत माझी पेटी वाजली, आणि एक फीत मित्रांच्या साथीने स्वतःचीही काढली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनावर ठसली. गाणारा कितीही मोठा असो, त्याचे गाणे ज्या भांड्यातून लोकांपर्यंत जाते, त्या भांड्याचे माप दुसराच कुणी ठरवतो. माप बदलले की गाणेही बदलते. आणि भांड्याची मालकी कुणाची, यावर कलावंताच्या घरची चूल अवलंबून असते.

तीन मिनिटांचा राग

१९०२ मध्ये फ्रेडरिक गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचा आवाज तबकडीसाठी उतरवून घेतला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्याजवळ तोंड नेऊन खणखणीत आवाजात गायचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची, अशी ती युक्ती. तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणे कुणाचे ते कळावे म्हणून गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव पुकारी. आज ऐकताना तो नखरा वाटतो. मुळात ती होती पार्सलावरची चिठ्ठी.

तबकडीच्या एका बाजूला मिळत साधारण तीन मिनिटे. मोठी तबकडी असली तर चार-साडेचार. जो राग मैफलीत तासभर फुलवायचा, तो एवढ्यात बसवायचा कसा? दोन-चार स्वरांचा आलाप, लगेच बंदिशीचे तोंड, अंतरा, मोजक्या ताना आणि समेवर मुक्काम. बड्या घरच्या यजमानिणीला सबंध पंगतीचा स्वयंपाक एका डब्यात भरून द्यायला सांगावे, तसाच हा प्रकार. काहींनी तो डबा असा भरला की आजही झाकण उघडताच घमघमाट सुटतो.

सगळ्यांना मात्र हे मानवले नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ मध्ये. दोघांच्याही गाण्याची तबकडी आपल्यापाशी नाही. भास्करबुवा कसे गात, ते मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या गळ्यातून ताडायचे. खाँसाहेब कसे गात, ते केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यातून. नकाराचीही एक किंमत असते आणि ती पुढच्या पिढ्या मोजतात.

यातला योगायोग पाहा. गुरूची एकही तबकडी नाही आणि त्यांच्या शिष्येच्या, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंच्या, भैरवीची तबकडी अंतराळात गेली! १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तीत भारताच्या वाट्याला आलेले संगीत म्हणजे केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. त्याच वर्षी सप्टेंबरात, याने निघाल्यानंतर काही दिवसांतच, केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची वेस ओलांडली. त्या तोकड्या मापाला नावे ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

भांडे मोठे झाले

१९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि ओरडण्याची गरज संपली. कानाशी गुणगुणावे तसे गाता येऊ लागले. मराठी भावगीताला ही गोष्ट फार मानवली. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता तबकडीवर गायिली ती याच सुमारास, तिसाव्या दशकाच्या आरंभी. हेच जोशी पुढे एच.एम.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. गायकाच्या बाजूचा माणूस टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला, हे आपल्या संगीताचे भाग्यच म्हणायचे.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत एल.पी. आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे! १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांचे सरोदवादन न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाले, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी त्याची ओळख करून दिली, आणि रागसंगीताची एल.पी. जगापुढे गेली. आता राग श्वास घेऊ लागला. किशोरी आमोणकरांची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली तबकडी ज्यांच्या घरी होती, त्यांना या मोकळ्या श्वासाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एल.पी.मुळे आणखी एक गोष्ट झाली. 'अल्बम' या शब्दाला अर्थ आला. आपल्याकडे अल्बम म्हटला की लग्नाचे फोटो आठवतात, आणि शब्दाचे मूळही तसेच आहे. तीन मिनिटांच्या चार-सहा तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीसारख्या पाकिटांत एकत्र विकत, म्हणून तो अल्बम. एल.पी.ने ती वही एका तबकडीत आणली. मग पहिले गाणे कोणते, शेवटचे कोणते, मध्ये विसावा कुठे, याचा विचार सुरू झाला.

१९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' हे त्याचे सुरेख उदाहरण. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर आणि निर्मितीमागे पुन्हा जी. एन. जोशी. संतूर आणि गिटार ही रागसंगीताच्या पंगतीत तेव्हा नवखी वाद्ये. तिन्ही मुख्य कलावंत जेमतेम तिशीच्या आसपासचे. कंपनीने अशा पोरांवर विश्वास टाकला आणि ती तबकडी जगभर गेली. तसेच १९७४ चे 'शिवकल्याण राजा'. राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हा हृदयनाथ मंगेशकरांनी समर्थ रामदास आणि भूषणापासून सावरकर, कुसुमाग्रजांपर्यंतची कविता एका सूत्रात ओवली. लता मंगेशकरांचा स्वर आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. यातले एकेक गाणे सुटे ऐकता येते, पण सलग ऐकले की उभे राहते ते निराळेच काही.

कॅसेटचे राज्य

फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली कॅसेट आपल्याकडे घरोघरी पोचली ती ऐंशीच्या दशकात. तबकडीला कारखाना लागे. कॅसेटला एक खोली आणि भरभर प्रती काढणारे यंत्र पुरे. गावोगावी कंपन्या निघाल्या. गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजने किंमत खाली आणली आणि जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या 'व्हर्शन' कॅसेटींचा पूर आणला. मूळ ध्वनिमुद्रण आधी निघालेले असले की ठराविक मोबदला भरून तेच गाणे दुसऱ्याकडून गाऊन घ्यायला तेव्हाचा कायदा मुभा देत असे. त्या फटीतून कितीतरी नवे गळे बाजारात आले आणि कितीतरी जुने संगीतकार हळहळत राहिले.

कॅसेटने आणखी एक मोठे काम केले. ज्यांच्यासाठी बड्या कंपन्यांचे दार कधी किलकिलेही झाले नव्हते, त्यांचे गाणे तिने घरी पोचवले. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी एस.टी. स्टँडच्या चहाच्या टपरीवर वाजू लागली. आनंद शिंदे यांच्या कॅसेटवर महाराष्ट्र नाचला. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटींचे ठेले लागत, माणसे भाकरीच्या फडक्यात गुंडाळून त्या गावी नेत. संगीताच्या इतिहासाची जाडजूड पुस्तके लिहिणाऱ्यांनी त्या ठेल्यांची दखल घ्यायला फार वेळ लावला.

आमची फीत

आमची फीत निघाली १९९५ मध्ये. माझा एक कवीमित्र शाळामास्तर होता. त्याच्या आठ कवितांना मी चाली लावल्या होत्या. गायला तयार झाल्या एका मुलींच्या शाळेतल्या गायनशिक्षिका. पतपेढीतून चाळीस हजारांचे कर्ज काढले आणि एका बंगल्याच्या तळघरातला स्टुडिओ रात्रीच्या दराने घेतला. रात्री दहा ते पहाटे पाच. रात्रीचा दर कमी, आणि रस्त्यावरच्या रिक्षाही कमी. पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद. घामाने पेटीच्या पट्ट्या निसरड्या होत.

स्टुडिओत गाणे म्हणजे काय, ते बाहेरून कळत नाही. समोर श्रोता नाही, मान डोलावणारे कुणी नाही. कानाला लावलेल्या यंत्रात आपलाच आवाज परका होऊन येतो. श्वास मोठा झाला तर पुन्हा. बांगडी वाजली तर पुन्हा. पाचव्या गाण्यात, माहेराच्या ओसरीचे वर्णन होते तिथे, बाईंचा आवाज शेवटच्या ओळीला किंचित कापला. ध्वनिमुद्रक म्हणाला, "ताई, पुन्हा घेऊ." कवी तोवर कोपऱ्यात गप्प बसला होता. तो म्हणाला, "नको. हे असंच राहू दे." राहू दिले. पुढे कार्यक्रमांत ज्या गाण्याची चिठ्ठी हटकून येई, ते हेच.

फीत तयार करणे हा निम्मा भाग झाला. ती दुकानात पोचवणे हा दुसरा, आणि तोच अवघड. दुकानदार घेणार वितरकाकडून, वितरक घेणार कंपनीकडून. एका कंपनीच्या मालकांनी फीत ऐकली. "छान आहे हो," ते म्हणाले, "पण अ बाजूला पहिलं गणपतीचं टाका. आमचा सगळा धंदा गणेशोत्सवात." कवी शांतपणे म्हणाला, "गणपतीवर माझा राग नाही. पण या आठ कवितांत त्याला बसवू कुठं?" मालक हसले आणि दुसरा कागद पुढे केला. एकरकमी दहा हजार, शंभर कॅसेटी आम्हाला, आणि बाकीचे सर्व हक्क कायमचे कंपनीचे. आम्ही कागद दोनदा वाचला आणि सही केली. दुकानात जायला दुसरी वाटच नव्हती.

माझ्या पत्नीने फडताळातला एक कप्पा रिकामा करून दिला. डाळीच्या डब्यांशेजारी कॅसेटी राहिल्या. ग्रंथालये, महिला मंडळे, वसंत व्याख्यानमाला, जिथे कार्यक्रम होई तिथे दाराशी टेबल मांडून ती त्या विकी आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत नोंद करी. कॅसेटी संपल्या की आम्ही कंपनीकडूनच दुकानदाराच्या दराने आणखी विकत घेत असू. आपलेच गाणे विकत घेऊन विकण्यात एक गंमत असते, ती मात्र कुणी सांगत नाही. कर्ज फिटायला तीन वर्षे लागली.

'बाबा पारंपरिक कधी झाले?'

पुढे सी.डी. आली, एम.पी.थ्री आले, कॅसेटीचा धंदा आटला. ती कंपनी बंद झाली आणि तिचा सगळा साठा दुसऱ्याकडे गेला. २००९ मध्ये कवीही गेला. आणखी काही वर्षांनी त्याच्या मुलीचा मला फोन आला. तिच्या जाऊबाईंनी मोबाइलवर गाणे लावले होते, ओसरीचेच. पडद्यावर गायिकेचे नाव होते. गीत या शब्दापुढे लिहिले होते 'पारंपरिक'.

"काका," ती म्हणाली, "माझे बाबा पारंपरिक कधी झाले?"

मला हसूही आले आणि गलबललेही. एका अर्थी कवीला याहून मोठी पावती नाही. पण ज्या माणसाने शाळेतून आल्यावर, दिव्याखाली बसून, एकेका शब्दासाठी पाने फाडली, त्याचे नाव असे पुसले जावे? आम्ही पत्रे लिहिली. पुरावा मागितला गेला. तो कुठे सापडला? कॅसेटच्या डबीतल्या त्या घडीच्या कागदावर, ज्याला आम्ही इनले कार्ड म्हणत असू. मुंगीएवढ्या अक्षरांत त्यावर सगळी नावे होती: कवी, गायिका, तबलजी, बासरीवाला, ध्वनिमुद्रक. आठ महिन्यांनी कवीचे नाव लागले. पैशाचे म्हणाल, तर त्याचा पत्ता अजून नाही. तबलजीचे आणि बासरीवाल्याचे नाव आजही पडद्यावर नाही.

हे दुखणे आमच्यापुरते नाही आणि नवेही नाही. साठच्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी काही वर्षे एकत्र गायले नाहीत, ते याच प्रश्नावरून. गाणे विकले जाते तोवर गायकाला त्यातला वाटा मिळावा, असे लताबाईंचे म्हणणे. एकदा मोबदला घेतला की आपला संबंध संपला, असे रफीसाहेबांचे. दोघेही सज्जन, दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो चित्रपट-निर्मात्यांच्या बाजूने. संगीतकार-गीतकारांना खरा आधार मिळाला तो २०१२ च्या कायदेदुरुस्तीने. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर बराच झगडा दिला. गाण्याच्या पुढच्या कमाईतला कवी-संगीतकाराचा वाटा आता करारावर सही करूनही दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. वारसांना आणि हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच तो देता येतो. हा कायदा आमच्या वेळी असता तर मालकांच्या टेबलावरचा तो कागद वेगळा असता. साथीदार मात्र पूर्वी शिफ्टवर पैसे घेत, आजही बहुधा तसेच घेतात.

तीस सेकंद

आता काय चित्र आहे? माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आता स्वतः गाणी रचते. घरातल्या कपाटात कपडे लोंबताहेत, त्यांच्यासमोर माइक लावून ती गाते. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. लॅपटॉपवर मिक्सिंग करते आणि वर्षाला थोडे शुल्क भरून गाणे जगभर पाठवते. आम्हाला जी वाट सापडली नाही, ती तिच्या बोटाखाली आहे. गाण्याचे हक्क सगळे तिचे. मला तिचा हेवा वाटतो, आणि आनंद त्याहून अधिक.

पण भांड्याचे माप इथेही आहेच. गेल्या वर्षी तिने मला पेटीवर बोलावले. मी सुरुवातीला चार-पाच आवर्तने वाजवली. ती संकोचून म्हणाली, "सर, एवढं नको. तीस सेकंदांच्या आत गाणं पकडायला हवं." मी विचारले, "तीसच का?" तर स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणे तीस सेकंद वाजले तरच ते ऐकले असे मोजतात. शिवाय २०२४ पासून तिथे वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत. गौहरजानपुढे तीन मिनिटांचे घड्याळ होते, हिच्यापुढे तीस सेकंदांचे. मी आवर्तने कमी केली. साथीदाराने गायकाच्या मागे जायचे असते.

अल्बम मात्र मागे पडला. ती एकेक सुटे गाणे काढते. श्रोता वाटेल ते, वाटेल त्या क्रमाने ऐकतो. अ बाजूच्या शेवटी काय ठेवायचे यावर मी आणि माझा मित्र रात्ररात्र भांडलो होतो, ते तिला सांगितले तर तिला ते पंचांग पाहण्यासारखे वाटते. तरी मी तिला सांगत असतो, की पाच-सहा गाणी जमली की एकदा क्रमाने लावून बघ. एका गाण्याने जे म्हणता येत नाही, ते कधी कधी दोन गाण्यांच्या मधल्या जागेत म्हणता येते.

तिची एक रीत मात्र मला फार आवडली. पहिला सूर लागायच्या आधी तिने एक कागद काढला. त्यावर शब्द कुणाचे, चाल कुणाची, साथीला कोण, पैसे आले तर कुणाचा वाटा किती, हे सगळे तिने लिहिले. चौघांनी सह्या केल्या आणि मग आम्ही वाजवायला बसलो. तबलजी चाळिशीचा, शेकडो गाण्यांत वाजवलेला. तो सही करताना म्हणाला, "हे पहिल्यांदाच बघतोय."

वाचकांना एकच सुचवावेसे वाटते. घरात माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील. यंत्र मोडले म्हणून त्या रद्दीत घालायच्या असतील तर खुशाल घाला. पण आधी आतला घडीचा कागद काढून एखाद्या वहीत ठेवा. एखाद्या बासरीवाल्याचे नाव जगात त्या एकाच कागदावर उरले असेल. आणि मोबाइलवर गाणे आवडले, तर ते कुणी लिहिले, चाल कुणाची, मागे तबला कोण वाजवतो आहे, हे शोधून पाहा. नाव सापडले नाही तर विचारा. विचारणारे वाढले, की नावे लिहिणारेही वाढतील.